छोटी बाईक सोडून मोठी स्पोर्ट्स बाईक घेतलेल्यांनो, पहिले काही महिने कसे गेले ते लिहा

जुनी_एफझी

माझ्याकडे २०१५ ची यामाहाची एफझी आहे, १४९ सीसी, कागदावर १३ हॉर्सपॉवर, त्यातले किती घोडे अजून जिवंत आहेत देव जाणे. ७४ हजार किमी झालेत. वय ३६, घराचे हप्ते आटोक्यात आलेत आणि डोक्यात दोन गाड्या घोळतायत, एक एप्रिलियाची नवीन आरएस ४५७ नाहीतर कुणाची तरी नीट वापरलेली ६५० सीसी. स्पेसिफिकेशन मला पाठ आहेत, ते कृपया इथे नको. मला हे ऐकायचंय की १३ वरून एकदम ४७ घोड्यांवर गेल्यावर हातापायांना काय झालं, घरी काय झालं, आणि कुणी घेऊन परत छोटीवर आलंय का. सविस्तर लिहा, घाई नाही, पाऊस संपेपर्यंत काही घेत नाहीये.

दोनचाकी_गृहस्थ (पुणे)

मी ११ वर्षं स्प्लेंडर चालवली आणि मग २०१७ ला डायरेक्ट निंजा ३००, सेकंडहँड. मधलं काहीच नाही. सगळे सांगत होते पॉवर सांभाळ, आणि खरं सांगतो पॉवरने मला काहीच केलं नाही, कारण ही गाडी खाली ५-६ हजार आरपीएमपर्यंत अगदी गरीब गाय आहे. घात करत होता तो माझा डावा पाय. स्प्लेंडरला सगळे गिअर पुढे दाबून पडतात, निंजाला पहिला खाली आणि बाकीचे वर उचलायचे. हे मला माहीत होतं, पायाला माहीत नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात ताम्हिणीला गेलो. पुढे दुधाचा टेम्पो, समोरून रस्ता मोकळा, तिसऱ्या गिअरवर बाहेर काढली, इंजिन चढलं आणि पायाने सवयीने पुढे दाबला. चौथा पडायच्या ऐवजी दुसरा पडला. क्लच सोडला तसं इंजिन असं किंचाळलं की टेम्पोवाल्याने आरशात बघितलं, मागचं चाक दोनदा टणटण उडालं आणि माझी छाती टाकीवर. या गाडीला स्लिपर क्लच (गिअर एकदम उतरला की मागच्या चाकाला बसणारा झटका कमी करणारा) आहे म्हणून चाक पूर्ण जाम होऊन गाडी आडवी गेली नाही. कडेला लावली, बूट काढला आणि पाय बघत बसलो. का ते विचारू नका, पायाला काही लागलं नव्हतं.

त्यानंतर काय केलं ते सांगतो, हसू नका. स्प्लेंडर घरीच होती, वडील चालवायचे, तिला मी हातच लावायचा बंद केला, भाजी आणायला पण चालत. आणि रोज रात्री जेवण झालं की पार्किंगमध्ये बंद निंजावर बसायचं, गाडी थोडी मागेपुढे हलवत उचल, उचल, दाब, दाब. वरच्या गॅलरीतून शेजारचे आजोबा बघायचे, एकदा त्यांनी विचारलं पण, चालू होत नाहीये का हो? महिन्याभराने पाय सुधारला. तुमच्या एफझीला एक खाली बाकी वर असंच आहे त्यामुळे तुमचं हे दुखणं वाचलं, पण तुमची काहीतरी दुसरी सवय असणार, ती आधी शोधा.

कांदिवली_स्लो (मुंबई)

कडू लिहितोय, माफ करा. ६५० घेतली, १४ महिन्यांत विकली. गाडीत खोट काही नव्हती, पण मुंबईत ती चालवायची कुठे? सी लिंकवर दुचाकीला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, अटल सेतूवर बंदी, जेजे फ्लायओव्हरवर बंदी, पुण्याला जायचं तर एक्सप्रेसवेवर बंदी. म्हणजे ज्या रस्त्यावर सहावा गिअर पडेल तिथे टॅक्सीवाला जातो, मी नाही जात. उरला वेस्टर्न एक्सप्रेस हायवे, तो पण सकाळी साडेनऊला, पहिला दुसरा पहिला दुसरा, त्यात रेडिएटरचा पंखा लागला की गरम हवा थेट मांडीवर, जीन्सला अंगावरच इस्त्री. शेवटी नुसतं रविवारी पहाटे साडेचारला निघायचं, घोडबंदरवरून अहमदाबाद हायवे, मनोरला चहा आणि ऊन चढायच्या आत परत. हप्ता, विमा, पेट्रोल सगळं धरून त्या एका चहाची किंमत मी एकदा काढली होती. बायकोला अजून सांगितलेली नाही.

ऑरेंज_सिटी

कांदिवलीभाऊ, आमचं ऐका. समृद्धी आमच्या नागपुरातून सुरू होते, ७०१ किलोमीटर, गुळगुळीत, आन् दुचाकीले बंदी. मी दर रविवारी तिच्या तोंडाशी जाऊन पाहून येतो. बाकी मे महिन्यात ४५ डिग्रीत सिग्नलवर उभं राहून पाहा मोठी फेअरिंगवाली (पुढून बाजूंनी झाकलेली) घेऊन, मग पुण्यामुंबईवाल्यांनी गरमीवर बोलावं. गाडी मात्र विकली नाही बरं का, जाम्बकडचा रस्ता आहे, पेंचकडचा आहे, हिवाळा आहे.

टाच_टेकत_नाही (कोल्हापूर)

माझी उंची ५ फूट १ इंच, म्हणून लिहितेय. आधी ॲक्टिव्हा, मग भावाची आर१५ (तो बेंगळुरूला गेला, गाडी माझी झाली), आणि गेल्या वर्षी आरएस ४५७, तुमच्या यादीतलीच. बारामतीत बनते म्हटल्यावर आजोबांचा विरोध निम्मा कमी झाला, इटलीची म्हटलं असतं तर घेऊ दिली नसती.

आर१५ आणि हिच्यात तीसेक किलोचा फरक, आणि तो चालताना कळत नाही, थांबताना कळतो. १७५ किलो म्हणजे काय ते मला पेट्रोल पंपावर कळलं. रांगेत हळूहळू सरकत होते, हँडल थोडं डावीकडं वळलेलं, पुढचा माणूस अचानक थांबला आणि मी पुढचा ब्रेक दाबला. बस्स. हँडल वळलेलं असताना चालण्याच्या वेगात पुढचा ब्रेक दाबला की गाडी त्याच बाजूला बसकण मारते, डावा पाय टेकला पण नुसता चवडा, एवढं वजन कुठलं पेलतंय. ती आडवी झाली, मी उभी. अख्खा पंप बघतोय. दोघातिघांनी मिळून उचलून दिली आणि एक काका म्हणाले बाळ तुला झेपत नसंल तर. मी हो काका म्हटलं आणि घरी येऊन रडले.

मग भावाने फोनवर उचलायची पद्धत सांगितली. आमच्या अंगणात जुनी कापसाची गादी टाकली आणि गाडी मुद्दाम तिच्यावर आडवी केली, आई दारात कपाळाला हात लावून. इंजिन बंद, गिअरमध्ये टाकायची म्हणजे घरंगळत नाही. उजवीकडं पडली असेल तर स्टँड आधीच काढून ठेवायचा. हँडल पूर्ण वळवून घ्यायचं, गाडीकडं पाठ करायची, बूड सीटच्या कडेला टेकवायचं, एक हात हँडलला, दुसरा मागं जे घट्ट धरता येईल त्याला, आणि कंबर न वाकवता मागं मागं चालत जायचं, सगळा जोर मांड्यांचा. पहिले तीन दिवस नुसती हलली. चौथ्या दिवशी उभी राहिली आणि मी ती दुसऱ्या बाजूला पाडली.

आता थांबताना एका बाजूला सरकून एकच पाय पूर्ण टेकते. दोन्ही टाचा टेकल्याच पाहिजेत हे कुणी ठरवलंय माहीत नाही. उताराकडं तोंड करून पार्क मात्र कधीच करत नाही, मागं ढकलायला माणूस लागतो.

स्टुटगार्टी

इथे जर्मनीत आल्यावर आपलं लायसन्स सहा महिने चालतं, मग पुन्हा सगळी परीक्षा. मी तेव्हा ३१ चा, पल्सरवर ८ वर्षं, दोन वेळा गोवा केलेलं, म्हटलं मला काय शिकवणार. २४ पूर्ण असतील तर इथे थेट मोठ्या गाडीचं लायसन्स मिळतं, नाहीतर आधी ३५ किलोवॅटपर्यंतची, दोन वर्षं ती चालवून मग मोठी. आपल्याकडे मात्र अठराव्या वर्षी आरटीओत आठचा आकडा काढला की स्प्लेंडर आणि हजार सीसी एकाच कार्डावर, याचं मला आता जास्त आश्चर्य वाटतं.

पहिल्याच दिवशी रिकाम्या पार्किंगमध्ये ५० च्या वेगावरून पूर्ण ताकदीने थांबायला सांगितलं. मी थांबलो. सर जवळ आले आणि म्हणाले पुढचा ब्रेक तू लावलासच नाहीस. आणि खरंच, लावला नव्हता! लहानपणी काकांनी शिकवलेलं, पुढचा मारू नको, तोंडावर पडशील, ते मातीत आणि ड्रम ब्रेकवाल्या गाडीवर बरोबर असेल, पण जोरात थांबताना सगळं वजन पुढच्या चाकावर येतं आणि मागचं हलकं होऊन नुसतं घसरतं. एकदम आवळायचा नाही, आधी दाबायचा, पुढचं सस्पेन्शन बसलं की मग पिळायचा. माझ्याकडून चाळीसेक वेळा करून घेतलं.

दुसरी गोष्ट नजर. ते मागून कारमध्ये आणि माझ्या कानात त्यांचा आवाज, वळणावर एकच घोष, कुठे बघतोयस, कुठे बघतोयस. जिकडे बघशील तिकडे गाडी जाणार. आणि वळताना उजवीकडे जायचं तर उजवं हँडल पुढे ढकलायचं. हे पल्सरवर मी नकळत करतच होतो म्हणे, पण जड गाडीला ते ठरवून करावं लागतं. हातमोजे आणि घोट्याच्या वरपर्यंत बूट नसतील तर परीक्षेला बसवत नाहीत. माझे दोन हजार युरोच्या वर गेले. चावी हातात आल्यावर आधी काकांना फोन केला, आणि पुढच्या ब्रेकवरून भांडलो.

ऑइल_हात (सातारा)

गॅरेज आहे, रोज बघतो, म्हणून थोडक्यात. सेकंडहँड ६५० बघायला जाताना रंग बघत बसू नका. हँडलच्या टोकाचे बार एंड, ब्रेक-क्लच लिव्हरची टोकं आणि फूटपेगची (पाय ठेवायच्या दांडीची) कड, इथं घासलेलं असेल तर गाडी झोपलेली आहे. मग हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवा आणि ते फ्रेमला जिथं अडतं तिथं वाकून बॅटरी मारा, खळगा दिसला तर गाडी जोरात आपटलीय, मालक काही म्हणू दे. पुढच्या शॉकअपच्या दांडीवर बोट फिरवा, तेलकट आलं तर सील गेलेत. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून लोक सात वर्षांचा टायर चालवतात आणि पहिल्या पावसात माझ्याकडं येतात. नवीन टायर पण पहिले शंभर किलोमीटर निसरडाच असतो.

आणि चेन! छोट्या गाडीची चेन कव्हरमध्ये असती, मालकाला ती आहे हेच माहीत नसतं. इथं ती उघडी, दर पाचसहाशे किलोमीटरला साफ करून ल्यूब मारायचं. पहिल्या सर्व्हिसला कितीतरी पोरं लालभडक गंजलेली चेन घेऊन येतात.

हिशोबी

पैशाचं कुणी बोलत नाहीये म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्यावर ४०. आधी २८ आणि ३१ होता, म्हणजे ३ टक्क्यांची दरी होती ती २२ ची झाली. नवीन गाडीचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०२२ च्या दरपत्रकात १५० पर्यंत ३,८५१ रुपये, ३५० पर्यंत ७,३६५ आणि त्यावर १५,११७. ३५० च्या रेघेच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते ठरवून मग टेस्ट राईडला जा, नंतर डोकं चालत नाही. माझं चाललं नव्हतं.

आरएक्सवाला_जुना

तुम्ही विचारलंत कुणी परत आलंय का. मी. वय ५४. आरएक्स १०० वर तारुण्य गेलं, मग २०१२ ला सीबीआर २५०, आणि २०१९ च्या डिसेंबरात वरंध घाट. वेग फार नव्हता, ५५-६० असेल. उजवं वळण वाटलं त्यापेक्षा जास्त आवळत गेलं आणि मी कठड्याकडे बघितलं. स्टुटगार्टवाल्यांनी लिहिलंय ते वाचून आज पुन्हा अंगावर काटा आला. वळण निघत होतं हो, नंतर मुलगा तिथेच त्याच वेगात जाऊन आला, पण मी त्या दगडी कठड्याकडे बघत राहिलो आणि गाडी इमानदारीत मला तिकडे घेऊन गेली. कॉलरबोन आणि दोन बरगड्या. जाकीट होतं म्हणून कातडी शाबूत.

गाडी दुरुस्त केली, चार महिने चालवली, पण प्रत्येक उजव्या वळणाला खांदे आखडायचे. आखडल्या खांद्यांनी ती गाडी वळत नाही. विकली. आता ११० सीसी आहे, भाजी, बँक, देऊळ. जाकीट मात्र कपाटात आहे, हिने दोनदा बोहारणीला काढलं, दोनदा परत ठेवलं.

जुनी_एफझी

सगळ्यांचे आभार, दोनदा वाचून काढलं. माझी सवय सापडली: मी क्लचवर कायम दोन बोटं ठेवून चालवतो आणि घाबरलो की ब्रेकच्या आधी क्लच दाबतो, म्हणजे इंजिन ब्रेकिंग (थ्रॉटल सोडल्यावर इंजिनच गाडीला रोखतं ते) आपणहून फुकट घालवतो. काल खंबाटकी उतरताना ठरवून बोटं काढली तर हात सारखा तिकडेच जायला बघतो. आता दोन महिने एफझीवरच हे सोडवतो. ६५० बाद, हिशोबींमुळे नाही, ऑइल_हात यांच्यामुळे, तो फ्रेमवरचा खळगा मी एका गाडीला शोधला आणि सापडला, मालक तीन मिनिटांपूर्वी सिंगल हँडेड, म्हणजे एकट्यानेच जपून वापरलेली, म्हणाला होता. ४५७ वर शनिवारी नुसता बसून आलो, चालवली नाही.

बायकोने पण धागा वाचला. म्हटलं आता काय म्हणते बघू. तिने एकच विचारलं, गादी कुठली टाकणार, पाहुण्यांची मिळणार नाही.