पक्षाघातानंतर साडेचार महिने झाले; मेंदूची नवी जुळणी आपोआप होते का?

कृष्णाकाठ:
नमस्कार. माझ्या आईला (वय ६३) साडेचार महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. इजा मेंदूच्या डाव्या भागात आहे. बोलणे बरेच सुधारले असून ती काठी घेऊन घरात चालते. उजवा हात मात्र मागे राहिला आहे. मनगट थोडे वर उचलले जाते, बोटे निम्मी उघडतात, पण जेवण, केस विंचरणे, देवपूजा असे सगळे ती आता डाव्या हाताने करते आणि त्यात इतकी तरबेज झाली आहे की आम्हांला तिचे कौतुक वाटते. डॉक्टर म्हणाले की मेंदू स्वतःची नव्याने जुळणी करतो. एका नातेवाइकांनी मात्र तीन महिने उलटले की जे आहे तेच राहते, असे ठामपणे सांगितले. ही जुळणी आपोआप होते, की त्यासाठी आम्ही काही करायला हवे?

फिजिओ_कोथरूड:
तुम्हांला ज्याचे कौतुक वाटते, नेमकी त्याचीच मला काळजी वाटते. डावा हात पटाईत होणे हेही शिकणेच आहे आणि त्याबरोबर मेंदू आणखी एक गोष्ट शिकत असतो, ती म्हणजे उजवा हात न वापरणे. एडवर्ड टॉब या अमेरिकी संशोधकाने माकडांच्या एका हाताच्या संवेदना वाहणाऱ्या नसा कापल्या, तेव्हा स्नायूंकडे जाणाऱ्या नसा शाबूत असूनही माकडांनी तो हात वापरणे सोडून दिले. चांगला हात काही दिवस बांधून ठेवल्यावर तीच माकडे तो ‘निकामी’ हात वापरू लागली. (त्या माकडांना ज्या अवस्थेत ठेवले होते त्यावरून १९८१ मध्ये मोठे वादंग झाले, आणि ते रास्तच होते.) सुरुवातीला प्रयत्न फसतो, दुसऱ्या हाताने काम पटकन होते, आणि पुढे थोडी ताकद परत आली तरी हात वापरण्याची सवयच उरलेली नसते.

माणसांवरची मोठी चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतील सात केंद्रांवर, पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांपैकी एका गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक वेळ, जाड मोजा चढवला आणि दुबळ्या हाताकडून दिवसाला सहा तासांपर्यंत सराव करून घेतला. त्यांची सुधारणा नेहमीच्या उपचारांवरील गटापेक्षा अधिक होती आणि वर्षभरानंतरही टिकून होती. म्हणजे नातेवाइकांचे तीन महिन्यांचे गणित चुकीचे आहे. मात्र या पद्धतीसाठी मनगट आणि बोटे थोडी तरी हलावी लागतात. तुमच्या वर्णनावरून ती हलतात, तरी आधी कोणाकडून तरी प्रत्यक्ष तपासून घ्या.

अभ्यासू:
‘मेंदू नवी जुळणी करतो’ हे वाक्य हल्ली फार स्वस्त झाले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मेलेल्या चेतापेशी परत येत नाहीत. रँडॉल्फ न्यूडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवले की माकडाच्या मेंदूतील हाताच्या भागाला छोटी इजा झाली आणि पुढे सराव दिला नाही, तर शेजारचा धडधाकट भागही हाताचे काम सोडू लागतो. सराव दिल्यास तो टिकतो, आणि काही माकडांत कोपर व खांद्याच्या भागातही हाताच्या हालचाली उमटू लागतात. त्यामुळे तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की जुळणी होतेच, पण ती आपण जे करतो त्याच्या बाजूने होते. काहीच केले नाही तर न करण्याच्या बाजूने होते.

तरीही एखादा रिकामा भाग उठून परके काम हाती घेतो, हे चित्र मनातून काढून टाकावे. तमार मेकिन आणि जॉन क्राकाउअर यांनी २०२३ मध्ये दहा गाजलेले प्रयोग पुन्हा तपासून असे मांडले की ज्याला आपण नवे कार्य समजतो, ते बहुतेक वेळा आधीपासून असलेल्या क्षीण जोडण्या सरावाने बळकट होणे असते. मला हे पटते. पहिल्या काही आठवड्यांत सूज उतरल्यामुळे आणि मेंदू विशेष ग्रहणशील असल्यामुळे सुधारणा वेगाने होते, नंतर तो वेग मंदावतो. ‘तीन महिन्यां’ची समजूत बहुधा त्यातूनच आली असावी.

सावली:
मी माझ्या सासऱ्यांचे केले, त्यावरून सांगते. व्यायामाचा चेंडू त्यांनी दोन दिवसांत भिरकावून दिला, पण शेंगा सोलायला दिल्या की तास कसा जाई ते कळत नसे. तुमच्या आई वाती वळत असतील तर कापूस उजव्या हातात द्या. जपमाळ उजव्या हाताने ओढणे हाही उत्तम सराव आहे, कारण अंगठा आणि बोट यांची तीच हालचाल एका माळेत १०८ वेळा होते.

फिजिओ_कोथरूड:
सावलीताईंची जपमाळ मला फार आवडली. अमेरिकेत आणि कॅनडात उपचाराच्या सत्रांत प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा हाताच्या कामाची आवर्तने एका सत्रात सरासरी ३२ निघाली. प्राण्यांवरील प्रयोगांत ती शेकड्यांनी असतात. एक इशारा मात्र देते. भारतात १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१७) घरच्यांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेतला, पण सहा महिन्यांनी परावलंबित्वात फरक दिसला नाही. म्हणून घरच्या सरावाच्या भरवशावर तज्ज्ञाकडे जाणे थांबवू नका. काम जमू लागले की ते थोडे अवघड करत नेणे, ही नजर घरच्यांना सहसा नसते.

कृष्णाकाठ:
सर्वांचे आभार. आजवर आम्ही प्रेमापोटी घास भरवत होतो, ते आजपासून बंद केले. वाती मीच वळत होते, तो कापूसही आता आईपुढे ठेवते. डाव्या हाताला मोजा घालायचा झाल्यास तो दिवसभर ठेवायचा का?

फिजिओ_कोथरूड:
चालताना, जिन्यावर आणि न्हाणीघरात मुळीच नको. काठी त्याच हातात असते, आणि तोल गेला तर आधारालाही तोच हात लागतो. खुर्चीत बसून करायच्या कामांपुरताच घाला, आणि तोही तपासणी झाल्यानंतर.