हायवेला बाइकवर कानात इअरप्लग: घालावेत की घालू नयेत?

हातखंब्याचा एमआर

वाद होणार हे माहीत असूनच विषय काढतोय. माझं मत सरळ आहे. मुंबई-गोवा हायवेवर सत्तरच्या वर बाइक चालवणाऱ्याने कानात इअरप्लग घातलेच पाहिजेत, हेल्मेट घालतो तसेच.

मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी आहे. चिपळूणपासून कुडाळपर्यंतचा पट्टा माझ्याकडे. अर्धा दिवस डॉक्टरांच्या दारात, उरलेला बाइकवर. संध्याकाळी लॉजवर पोचलं की कानात बारीक शिट्टी वाजत असते आणि टीव्हीचा आवाज नेहमीपेक्षा दोन घरं वर न्यावा लागतो. सकाळी सगळं ठीक. आमच्यातले बहुतेक जण याला प्रवासाचा शीण म्हणतात आणि सोडून देतात. पण असा मार रोज बसत गेला की एक दिवस सकाळी ठीक होणं बंद होतं. कानाच्या आतल्या केसपेशी मेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

पुष्कळांना वाटतं की हा त्रास सायलेन्सरचा. पण साठ-पासष्टच्या पुढे वारा इंजिनाला केव्हाच मागे टाकतो. हेल्मेटच्या खालच्या कडेला, मानेपाशी हवा फाटते, तिचे भोवरे होतात आणि त्यांची घरघर थेट कानाशी. ऐंशीच्या वेगाला हेल्मेटच्या आत साधारण ९० डेसिबल, शंभरला ९५ ते १००. महागडं हेल्मेट घेऊनही फार सुटका नाही, कारण हा आवाज बहुतांशी खर्जातला आणि कवच-थर्माकोल खर्ज फारसा अडवत नाही.

आता हिशोब बघा. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तास. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, १०० ला पंधरा मिनिटं. आपले कारखान्यांचे नियम सैल, तिथे ९० ला आठ तास चालतात. चौपदरी हायवेवर दुचाकीला ८० ची मर्यादा आहे. म्हणजे कायदा पाळणारा माणूसही खारेपाटण ते झाराप जाऊन परत आला की कानाचा दिवसभराचा कोटा बऱ्यापैकी संपवून बसतो. फोमचे प्लग दहा-वीस रुपयांना जोडी मिळतात. मग अडतं कुठे?

गुहागरचा गडगा

अडतं वळणावर.

तुमचा पट्टा हायवेचा, म्हणून तुम्हाला हे सुचतं. आमच्याकडे या. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरा आणि गणपतीपुळ्याकडे निघा. एका गाडीचा रस्ता, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, त्यावर माजलेलं रान, आणि वळणापलीकडे काय आहे ते देवालाच माहीत. तिथे माणूस डोळ्यांनी नाही, कानांनी गाडी चालवतो. एसटीचा ड्रायव्हर वळणाआधी हॉर्न देतो तो तुमच्यासाठीच. ऐन गणपतीत मागून बेभान चाकरमानी येतो, तेव्हाही आधी कळतं ते आवाजानेच. आणि तुम्ही सांगताय कानात बूच मारा.

वाऱ्याचा त्रास खरा आहे, नाकारत नाही. पण तो मुळात कमी करा ना. निम्म्या लोकांची हेल्मेटं सैल असतात. डोकं हलवलं की हेल्मेट मागाहून हलतं, खालून वारा आत शिरतो. गालाच्या गाद्या घट्ट घ्या. व्हायझरची रबरी पट्टी वाळून फाटली असेल तर बदला, केसभर फटीतून शिट्टी वाजते. हनुवटीखाली लावायचा कापडी पडदा मिळतो, तो लावा. ती चोचवाली अॅडव्हेंचर हेल्मेटं तर हायवेला निव्वळ भोंगे. एवढं केलंत, वर वेग दहाने उतरवलात, तर प्लग लागणारच नाहीत.

आचऱ्याचो झील

आमच्या आचरा-मालवण रस्त्यार चाळीसच्या वर गेलास तर कान सोड, आधी दात सांभाळ.

सडा आणि वारा

गडगेदादा, वेग उतरवण्याचा सल्ला सोन्यासारखा. वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर भयंकर चढतो, वेग दुप्पट झाला तर पंधरा डेसिबलच्याही वर. त्यामुळे ९० चे ७५ केले तरी कानाला लगेच कळतं.

पण किनाऱ्यावर एक मेख आहे. कानाला काट्यावरचा वेग कळत नाही, समोरून येणाऱ्या हवेचा वेग कळतो. मी देवगडचा. एप्रिल-मेत दुपारी खारे वारे वायव्येकडून सुटतात तेव्हा सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, उभं राहून बघा. पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केल्या इथे. विजयदुर्गच्या बाजूला साठने निघालात आणि समोरून पंचवीसचा वारा असला, तर हेल्मेटच्या लेखी तुम्ही पंच्याऐंशीला आहात. सकाळी मतलई वाऱ्यात तोच रस्ता, तोच काटा, आणि हेल्मेटमध्ये शांतता.

दुसरं, काचेबद्दल. बाइकला पुढे छोटी विंडशील्ड बसवली की आवाज कमी होतो असं दुकानदार सांगतो. बऱ्याचदा वाढतो. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेली घुसळलेली हवा नेमकी हेल्मेटवर आदळते. बिनकाचेच्या बाइकवर छातीला वारा लागतो, पण डोक्याला येणारी हवा स्वच्छ असते. तपासायचं असेल तर मोकळ्या सरळ रस्त्यावर, बेताच्या वेगात फूटरेस्टवर थोडं उभं राहा. आवाज एकदम उतरला तर दोष काचेचा. मग ती उंच करा नाहीतर काढून टाका. हेल्मेट बदलायला धावू नका.

आणि हॉर्नचं म्हणाल तर, प्लग वारा आणि हॉर्न दोन्ही जवळपास सारखेच खाली आणतो. हॉर्न वाऱ्यापेक्षा जेवढा वर होता तेवढाच वर राहतो. उलट नव्वदीच्या घरघरीत कान भांबावलेला असतो, प्लग असताना हॉर्न जास्त सुटा ऐकू येतो. हायवेला प्लग घालून चालवणारे सगळे हेच सांगतील.

गुहागरचा गडगा

हायवेला. बरोबर. आणि माझं म्हणणं काय होतं? तीस-चाळीसच्या वेगात वारा नसतोच, तिथे फक्त हॉर्न कमी होणार. तो निव्वळ तोटा.

तुम्ही म्हणाल, मग तिथे काढा. कसं काढणार? पावसात बाजूला थांबा, ग्लोव्हज काढा, चष्मा काढा, हेल्मेट काढा, प्लग काढा, ओला प्लग खिशात, मग सगळं उलट्या क्रमाने परत. हायवे सोडला की दर दहा मिनिटांनी रस्ता बदलतो आमच्याकडे. कोण करणार हे? माणूस आळशी आहे. एकदा घातलेले प्लग तो घरी पोचेपर्यंत काढणार नाही, आणि अपघात झाला तर घरापासून दोन किलोमीटरवर होईल.

हर्णैची स्कूटर

इथे सगळे बुलेटवाले दिसतायत. मी दापोली-हर्णै रोज स्कूटरवर शाळेत जाते. आमच्यासारख्यांचं अर्धं हेल्मेट, कान निम्मे उघडे, केसांचा अंबाडा मागे अडकून हेल्मेट पुढे कललेलं. वर स्कार्फची टोकं कानाशी फडफडतात तो आवाज निराळाच. ती टोकं नीट जॅकेटात खोचली आणि मान गुंडाळली तर घरघर बरीच उतरते, पैसा खर्च न करता. अंबाड्याऐवजी खाली वेणी घातली की हेल्मेट बसतं. प्लगच्या आधी हे करून बघा, बायकांनी तर नक्कीच.

आणि वीकएंडला मुरुडला येणारे ते कानात इअरबड घालून गाणी ऐकत चालवतात त्यांच्याबद्दल कोणी काहीच का बोलत नाही?

हातखंब्याचा एमआर

ताई, बरं विचारलंत. तो प्रकार सगळ्यात वाईट. ९० च्या वाऱ्यावर गाणं ऐकू यायचं तर गाणं ९५ ला न्यावं लागतं. कानाला दोन्ही मिळतात, आणि हॉर्न तर गेलाच. आवाज कापणारे इअरबड म्हणजे प्लग असंही काही जण समजतात. त्यांचे माइक वाऱ्यात गोंधळतात आणि कानाचं संरक्षण म्हणून त्यांना बहुधा कसलंही रेटिंग नसतं.

गडगेदादा, आळशी माणसासाठी हेल्मेटही घरी राहतं. आळस हा प्लगविरुद्धचा मुद्दा कसा होतो? आणि मी तुमच्या गल्लीबोळांबद्दल बोललोच नव्हतो, पहिल्याच ओळीत हायवे लिहिलंय.

मिरकरवाड्यातून

मी बाइक फारशी चालवत नाही, पण कानाबद्दल बोलतो. आमची मासेमारीची ट्रॉलर. इंजिनापाशी दिवसरात्र काढलेली माणसं पन्नाशीला एकमेकांशी ओरडून बोलतात. घरात बायका म्हणतात, भांडताय का? भांडत नसतात, एवढंच ऐकू येतं त्यांना. माझे चुलते तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख होते, त्यांना समोरचा बोलतोय हे कळायचं, काय बोलतोय ते कळायचं नाही. नातवाचा बारीक आवाज तर अजिबात नाही. त्यांच्या वेळी कोणी प्लगचं सांगितलं असतं तर हसले असते. तेव्हा या एमआरचं ऐका. चिरेखाणीवर कटर चालवणाऱ्यांनाही सांगा.

कान तपासणारी

श्रवण चाचणी करणं हेच माझं काम, सावंतवाडीजवळ. मिरकरवाड्याच्या भावांनी लिहिलं ते अगदी नेमकं आहे. आवाजाने बिघडलेला कान आधी ४००० हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे उंच सुरांना, जातो, आलेखात तिथे खड्डा दिसतो. स, श, फ, ट असली व्यंजनं वरच्या पट्टीतली, ती पुसट होतात. म्हणून 'ऐकू येतं पण समजत नाही'. बोलणं समजेनासं होईपर्यंत खड्डा बराच रुंद झालेला असतो, त्यामुळे हायवेला रोज चालवणाऱ्यांनी तक्रार नसतानाच एकदा चाचणी करून ठेवावी. पुढे तुलना करता येते.

पण एमआर साहेब, तुमच्याशी दोन मतभेद.

पहिला: प्लगच्या पाकिटावर ३३ डेसिबल आवाज अडतो असं लिहिलेलं असतं ते प्रयोगशाळेतलं. लोक प्लग नुसता टेकवतात, तेव्हा निम्मंही मिळत नाही. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धं मिनिट बोट तिथेच ठेवायचं. कापसाचा बोळा घालून समाधान मानणारेही भेटतात; त्याने खर्ज जवळपास तसाच आत येतो.

दुसरा: तुम्ही 'घातलेच पाहिजेत' म्हणता ते कोकणात जून ते सप्टेंबर मला जपून म्हणावं लागतं. दमट हवा, घाम, भिजलेले कान, त्यात तोच मळका प्लग आठवडाभर. कानात बुरशी झालेले पेशंट पावसाळ्यात रांगेने येतात, आणि आधीच किल्लीने, काडीने कान कोरलेला असतो. फोमचा प्लग ओला किंवा मळका झाला की फेकायचा. सिलिकॉनचा असेल तर साबणाने धुऊन पूर्ण वाळवायचा. कान वाहत असेल, खाजत असेल, पडद्याला भोक असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच घालायचं नाही.

गडगेंच्या भीतीत तथ्य आहे. फार दाबून टाकणारा प्लग सगळ्यांना लागत नाही. फिल्टरवाले मिळतात, आवाज पंधरा-वीसनेच उतरवतात आणि बोलणं कळतं. महाग असतात, हजाराच्या पुढे जातात, पण टिकतात. ९० मधून पंधरा गेले तरी ७५ उरतात, कानाला तेवढं पुरे.

सडा आणि वारा

फिल्टरवाल्यांबद्दल एक शंका. त्यांचे फिल्टर बऱ्याचदा मैफलीसाठी किंवा झोपेसाठी बनवलेले असतात. वाऱ्याचा खर्ज त्यातून किती अडतो हे प्रत्येकाचं वेगळं. घेताना बाइकसाठीचे बघून घ्या.

गुहागरचा गडगा

फिल्टरवाला घालून आमच्या वळणावर हॉर्न ऐकू येत असेल तर मी वापरून बघेन. फोमचा नाही घालणार, कोणी काही म्हणो. आणि एमआर, पहिल्या ओळीत हायवे लिहिलंत हे खरं, पण हायवेवरून घरी जायला रस्ता गल्लीबोळातूनच जातो. हातखंब्याला उतरून आरे-वारेला गेलात तर प्लग काढता का, ते सांगा.

हातखंब्याचा एमआर

काढतो. वळणाआधी चहाच्या टपरीवर थांबतोच, तिथे हेल्मेट निघतंच डोक्यावरून. डबी किल्लीच्या गोफाला अडकवलेली आहे.

गुहागरचा गडगा

म्हणजे चहा न पिणाऱ्यांनी काय करायचं?

आचऱ्याचो झील

सोलकढी.

हर्णैची स्कूटर

ते राहू द्या. अर्ध्या हेल्मेटाबरोबर प्लगचा उपयोग होतो का, हे मात्र अजून कोणी सांगितलं नाही.

कान तपासणारी

ताई, होतो. प्लग कानाच्या आत बसतो, हेल्मेट कुठलंही असो. पण दापोली-हर्णैला चाळीसने जात असाल तर तुम्हाला त्याची गरज नाही. त्याच पैशांत पूर्ण तोंडाचं, आयएसआय असलेलं हेल्मेट घ्यायला सुरुवात करा. हनुवटी तरी वाचेल.