पिल्लू पायाला झोंबतंय, काय करावं?

बी-५०२: नमस्कार मंडळी. मांजराचं पिल्लू, अंदाजे ३ महिन्यांचं. चालताना घोट्यावर झडप घालतं, हात धरून मागच्या पायांनी ओरबाडतं. ओरडलं की चेव चढतो. चिडकं निघालं की काय?

सी-१०३: चिडकं नाही ताई, शिकार चाललीय. अंग जमिनीला चिकटवून, बूड हलवून, आवाज न करता उडी मारतं ना? तो खेळ. खरं चिडलेलं पिल्लू कान मागे चपटे करतं, फिस्कारतं, गुरगुरतं. चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लं आई-भावंडांत शिकतात. जोरात चावलं की समोरचं खेळच सोडतं. २ महिन्यांच्या आत आईपासून तुटलेल्या पिल्लाचा हा धडा बरेचदा अर्धाच राहतो.

ए-७०१: नाकावर टिचकी मारा. दोन दिवसांत सरळ.

सी-१०३: काका, टिचकी मारणारा हातसुद्धा हातच. एकतर पिल्लाला तो खेळ वाटतो, नाहीतर ते घाबरतं, आणि घाबरलेलं मांजर मनापासून चावतं. पाण्याचा फवाराही नको.

चावलं की हात ओढायचा नाही. ओढला म्हणजे उंदीर पळाला, पकड आणखी घट्ट. हात ढिला सोडून जागेवर थांबवा, हवं तर किंचित त्याच्या तोंडाकडेच सरकवा. पकड सुटते. मग एक शब्द न बोलता उठायचं, दुसऱ्या खोलीत जायचं, दार बंद. अर्धं ते एक मिनिट पुरे. जास्त वेळ गेला तर आपण का गेलो याचा त्याला पत्ता लागत नाही. आणि हे घरातल्या सगळ्यांनी. एकजण जरी पांघरुणाखाली बोटं नाचवत राहिला तर बाकीच्यांची मेहनत पाण्यात.

बी-५०२: पण मग त्याने खेळायचं कशाशी?

सी-१०३: दीड-दोन फुटांची काठी, तीनेक फूट लांबीची जाड दोरी, टोकाला घट्ट गाठ मारलेली चिंधी. तोंडासमोर नाचवू नका, कुठला उंदीर आपणहून मांजराच्या तोंडात जातो? चिंधी त्याच्यापासून लांब पळाली पाहिजे, सोफ्याच्या पायामागे दडली पाहिजे, थांबून पुन्हा जराशी हलली पाहिजे. तीन-चार झडपांत एकदा पकडू द्या. एका वेळी १० मिनिटं, दिवसातून ३ वेळा. शेवटची पाळी रात्री तुम्ही झोपायच्या आधी. शेवटी वेग कमी करत आणा आणि लगेच खाऊ घाला. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप, हा मांजराचा क्रमच आहे. लेसरचा ठिपका एकटा नको. हाताला काही लागत नाही, पिल्लू वैतागतं.

डी-२०४: खेळ संपला की दोरी कपाटात, हे विसरू नका. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात, तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही. तो आतड्यात अडकला की आतड्याला चुण्या पडतात, कधीकधी ते फाटतंही. शिवणाचा दोरा, मांजा, केसांचं रबर, राखीची लोकर, सगळं उचलून ठेवा. दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसलं तर अजिबात ओढू नका, तसंच जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

ई-६०५: लाथा झाडायला जुना लांब मोजा. चिंध्या ठासून भरा, तोंड शिवा, पिल्लाएवढा लांब ठेवा. हात पकडला की पोटाशी तो सरकवायचा. घोट्यावरचे हल्ले बहुधा ठरलेल्या जागी होतात, पलंगाखालून किंवा पडद्यामागून. तिथून जाण्याआधी कागदाचा बोळा पुढे फेका. गाऊनची झालर आणि लोंबती ओढणी म्हणजे आमंत्रणच.

सी-१०३: दातांचंही वय आहे. साडेतीन-चार महिन्यांपासून २६ दुधाचे दात पडून ६ महिन्यांपर्यंत ३० पक्के येतात. हिरड्या शिवशिवतात, चावणं वाढतं. स्वच्छ ओला रुमाल पिळून फ्रीजमध्ये गार करा आणि तुमच्यासमोरच चघळायला द्या. नख्यांची फक्त टोकं दर १५ दिवसांनी कापा, आतल्या गुलाबी भागाला कात्री नको.

बी-५०२: काल पिल्लू चावल्यावर मला थोडं रक्त आलं होतं. डेटॉल लावलं.

डी-२०४: आजच डॉक्टरकडे जा. घरचं पिल्लू असलं तरी रेबीजची लस त्याला साधारण ३ महिन्यांनंतर मिळते, आणि आधी त्याला कोण चावलं हे आपल्याला ठाऊक नसतं. पुढच्या वेळी आधी साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं घड्याळ लावून. हळद, तिखट, चुना काही नको. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत वेगळं इंजेक्शनही लागू शकतं. मांजराचे दात सुईसारखे असतात, वरून टिंब दिसतं पण जंतू खोल जातात. सूज किंवा ठणका असेल तर तेही दाखवा.

बी-५०२: बापरे. संध्याकाळीच जाते.

ए-७०१: टिचकी मागे घेतो. नातीने कापडी उंदीर शिवलाय, तो चालेल का? डोळ्यांना मणी आहेत.

सी-१०३: मणी उसवा काका, लोकरीची शेपूटही कापा. आंधळा, बिनशेपटीचा उंदीर पिल्लाला अगदी चालतो.