व्हर्च्युअल होस्ट वेगळा, म्हणजे साइट वेगळी? मला नाही पटत

शेवटचा_थर

एका सर्व्हरवर पाच-सात साइट, प्रत्येकीचा आपला व्हर्च्युअल होस्ट (एकाच सर्व्हरवर वेगळ्या नावाची साइट चालवायची मांडणी), आपलं फोल्डर, आपला लॉग. एवढं केलं की आपण सगळे म्हणतो, "साइट वेगळ्या केल्या." मीही बरीच वर्षं तसंच म्हणत होतो.

मी सांभाळत असलेल्या एका सर्व्हरवर एक जुनी साइट पडून होती. कुणी वापरत नव्हतं, पण बंदही केली नव्हती. तिच्या अपलोडच्या फॉर्ममधून कुणीतरी पीएचपीची (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडची) एक फाइल चढवली. ती साइट गेली याचं काही वाटलं नाही. पण त्या एका फाइलने शेजारच्या सगळ्या साइटच्या कॉन्फिग फाइली वाचल्या, डेटाबेसच्या पासवर्डांसकट. सगळ्यांचा पीएचपी कोड एकाच युजरच्या नावाने चालत होता, मग दुसरं काय होणार?

व्हर्च्युअल होस्टची भिंत बाहेरून येणाऱ्या रिक्वेस्टपुरती असते. होस्ट हेडरमध्ये (रिक्वेस्टसोबत येणाऱ्या साइटच्या नावाच्या ओळीत) नाव कुठलं आलंय ते बघायचं आणि त्यावरून फोल्डर ठरवायचं, एवढंच तिचं काम. आत शिरलेल्या कोडला ती भिंत दिसतही नाही.

म्हणून माझं मत: प्रत्येक साइटला सर्व्हरवर स्वतःचा युजर आणि स्वतःचा एफपीएम पूल (पीएचपी चालवणाऱ्या प्रोसेसचा गट) हवा. वेब सर्व्हरच्या युजरला फक्त स्थिर फाइली वाचता याव्यात, आणि अपलोडच्या फोल्डरात पीएचपी चालूच नये. हे जमत नसेल तर ती साइट त्या सर्व्हरवर ठेवू नये.

मोजून_मापून

तुमच्यासोबत झालं ते वाईटच. पण त्यावरून काढलेला नियम सगळ्यांना परवडणारा नाही.

माझ्याकडे ४० लहान साइट आहेत आणि पीएचपीची एक प्रोसेस साधारण ६० एमबी खाते. प्रत्येक साइटला पाच प्रोसेसचा पूल दिला तर २०० प्रोसेस, म्हणजे १२ जीबी. आज २० प्रोसेसचा एकच सामाईक पूल तेच काम सव्वा जीबीत करतोय, कारण ४० साइटवर एकाच वेळी गर्दी होत नाही. पूल तोडले की एका साइटच्या प्रोसेस रिकाम्या बसतात आणि दुसरीच्या रिक्वेस्ट रांगेत ताटकळतात. गती हवी असेल तर साधनं वाटून वापरावी लागतात.

एका सामाईक पुलात साइटपुरतं ओपन-बेसडिर (ठरलेल्या फोल्डरांबाहेरच्या फाइली पीएचपीला उघडू न देणारी सेटिंग) लावलं तरी बरंच भागतं.

शेवटचा_थर

@मोजून_मापून, तुमचा हिशोब प्रोसेस कायम उभ्या ठेवल्या तर बरोबर आहे. पूल ऑनडिमांड (गरजेपुरता) ठेवा. रिक्वेस्ट आली की प्रोसेस उठते आणि काही सांगितलं नसेल तर १० सेकंद रिकामी राहिली की मरते. झोपलेल्या साइटची मेमरी शून्य. संकलित (कंपाइल केलेला) कोड ओपीकॅशच्या, म्हणजे पीएचपीच्या कोड-कॅशच्या, शेअर्ड मेमरीत असतो, त्यामुळे नवी प्रोसेस उठली तरी तो पुन्हा संकलित करावा लागत नाही.

आणि ओपन-बेसडिरची किंमत तुम्ही धरलीच नाही. ते लावलं की पीएचपीची रिअलपाथ कॅश (शोधलेले फाइलींचे मार्ग लक्षात ठेवणारी) बंद पडते, म्हणजे शेकडो फाइली जोडणाऱ्या साइटला दर रिक्वेस्टला प्रत्येक मार्ग नव्याने शोधावा लागतो. शिवाय त्या साइटच्या कोडने बाहेरची कमांड चालवली तर त्या कमांडला हे बंधन लागू नाही.

सांधा_तपासनीस

@शेवटचा_थर, तुम्ही ज्या ओपीकॅशच्या भरवशावर गती मिळवताय, तिथेच तुमची भिंत फुटलेली आहे.

एका एफपीएम मास्टरखालचे (पूल सांभाळणाऱ्या मुख्य प्रोसेसखालचे) सगळे पूल ओपीकॅशची एकच मेमरी वापरतात. युजर वेगळे केले तरी ती मेमरी सामाईकच राहते. शेजाऱ्याची फाइल डिस्कवरून वाचायची परवानगी नसली, तरी तिचा संकलित कोड कॅशमध्ये तयार असतो आणि मार्ग माहीत असला की दुसऱ्या पुलातून ती जोडता येते. तिथल्या चलांमध्ये (व्हेरिएबलमध्ये) पासवर्ड असला की संपलं. यासाठीच ओपीकॅशमध्ये परवानगी तपासायची सेटिंग आहे, पण ती मुळात बंद असते. तुम्ही चालू केली आहे का?

खरी भिंत हवी असेल तर प्रत्येक साइटचा मास्टरच वेगळा चालवावा लागतो. मग प्रत्येकाची ओपीकॅश वेगळी, आणि मोजून_मापून यांचा मेमरीचा मुद्दा परत उभा राहतो.

शेवटचा_थर

चालू केली नव्हती. आत्ता बघितलं, बंदच आहे. हा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता, मान्य करतो.

पहिला_ब्लॉक

मंडळी, पूल आणि मास्टर होईल तेव्हा होईल. आधी एक सांगा, अनोळखी नावाने रिक्वेस्ट आली तर तुमचा सर्व्हर काय देतो?

अपाचे हा वेब सर्व्हर त्या पत्त्या-पोर्टवरचा पहिला व्हर्च्युअल होस्ट देतो. कॉन्फिग फाइली वर्णानुक्रमे वाचल्या जातात, त्यामुळे ज्या साइटच्या फाइलीचं नाव आधी येतं ती आपोआप सगळ्यांची डिफॉल्ट होते. एन्जिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये डिफॉल्ट-सर्व्हर लिहिलं नसेल तर तिथेही तीच गत. हे कुणी ठरवून केलेलं नसतं, म्हणून कुणी बघतही नाही. अपाचेचं नियंत्रण साधन मोठ्या एसच्या पर्यायाने चालवा, कोण डिफॉल्ट आहे ते एका यादीत दिसतं.

यात धोका काय? पासवर्ड बदलायची लिंक होस्ट हेडरवरून बनवणारी साइट डिफॉल्ट असेल, तर कुणीही हेडरमध्ये स्वतःचं डोमेन घालून दुसऱ्याच्या नावाने विनंती टाकतो. तुमचाच सर्व्हर त्या माणसाला चोराच्या डोमेनची लिंक मेल करतो. त्याने ती दाबली की टोकन (लिंकमधली गुप्त खूण) चोराकडे. यासाठी ना अपलोड लागतं, ना पूल फोडावा लागतो.

माझ्याकडे पहिला ब्लॉक रिकामाच असतो. एन्जिनएक्समध्ये ४४४ हा कोड दिला की उत्तर न देता कनेक्शन तुटतं. आवृत्ती १.१९.४ पासून टीएलएसचं (सुरक्षित कनेक्शनचं) हस्तांदोलनही नाकारता येतं, त्यामुळे खऱ्या साइटचं प्रमाणपत्र भलत्या नावाला दाखवावं लागत नाही.

आणि चाचणीच्या साइटचं नाव कुणाला माहीत नाही, या समाधानात राहू नका. सार्वजनिक प्रमाणपत्र घेतलं की ते नाव पारदर्शकता लॉगमध्ये (दिलेल्या प्रमाणपत्रांच्या जाहीर नोंदीत) जातं, आणि ते लॉग कुणीही वाचू शकतो.

रात्रपाळी

@पहिला_ब्लॉक, तत्त्व बरोबर, पण आंधळेपणाने लावू नका. आमच्याकडे लोड बॅलन्सरची (रिक्वेस्ट अनेक सर्व्हरांत वाटणाऱ्याची) तपासणी थेट आयपीवर येत होती. रिकामा डिफॉल्ट लावला आणि त्याने धडधाकट सर्व्हर मेलेला धरून रांगेतून काढला. तपासणीला नाव द्या किंवा तिचा मार्ग वेगळा ठेवा, मग कनेक्शन तोडा.

गतीवर इतकं बोलणं झालं आणि एचटीॲक्सेसचं (फोल्डरातच ठेवायच्या अपाचेच्या नियमांच्या फाइलीचं) नाव कुणी काढलं नाही? अलाउ-ओव्हरराइड (ती फाइल मानायची परवानगी) चालू असलं की अपाचे दर रिक्वेस्टला मार्गावरच्या प्रत्येक फोल्डरात ती फाइल शोधतो, असो वा नसो. पानावर ५० चित्रं असतील तर ५० वेळा. हे नियम व्हर्च्युअल होस्टच्या फाइलीत हलवा आणि ओव्हरराइड बंद करा.

भाडेकरूंची_बाजू

@रात्रपाळी, हे रूट (सर्व्हरचा पूर्ण ताबा) हातात असणाऱ्याचं बोलणं झालं. माझ्या सर्व्हरवर ज्यांच्या साइट आहेत त्यांना रूट मिळत नाही आणि मिळूही नये. एखादा प्लगइन फुटल्याची बातमी रात्री आली, तर एचटीॲक्सेसमध्ये दोन ओळी टाकून ते तो मार्ग लगेच बंद करतात. ती सोय काढली तर सकाळी मी उठेपर्यंत साइट उघडी. त्या रात्रीपुरती सुरक्षा कुणाच्या हातात असावी, हा खरा प्रश्न आहे.

आणि फाइल शोधण्याच्या खर्चाचं म्हणाल तर ती माहिती कर्नलच्या कॅशमध्येच असते. डेटाबेसला डझनभर प्रश्न विचारणाऱ्या पानात तो फरक मला मोजता आलेला नाही. चित्रं वेगळ्या होस्टवर ठेवा आणि तिथे बंद करा, हे मान्य.

सांधा_तपासनीस

@भाडेकरूंची_बाजू, गती राहू दे. अपलोडमधून एचटीॲक्सेस नावाची फाइलच चढवली तर? तिच्यात एक सेट-हँडलरची (फाइल कशी चालवायची ते ठरवणारी) ओळ, की चित्राच्या नावाची फाइल पीएचपी म्हणून चालायला लागते. रीराइट (पत्ते बदलायचे नियम) चालावं म्हणून तुम्ही फाइल-इन्फो हा निर्देशांचा गट उघडता, आणि सेट-हँडलर त्याच गटात आहे. अलाउ-ओव्हरराइड-लिस्टने मोजके निर्देश देता येतात, पण रीराइट-रूललाच हँडलर बदलायचा झेंडा (फ्लॅग) आहे, त्यामुळे तेही अर्धवट. अपलोडच्या फोल्डरापुरता ओव्हरराइड पूर्ण बंद करा, आणि साइटच्या मूळ फोल्डरातल्या एचटीॲक्सेसवर पीएचपीच्या युजरला लिहिता येऊ देऊ नका.

भाडेकरूंची_बाजू

अपलोडच्या फोल्डरात बंद, हे आजच करतो. पण मुळातली फाइल पीएचपीला लिहिता आली नाही तर वर्डप्रेसच्या दुव्यांची रचना बदलणाऱ्याला दर वेळी ती ओळ हाताने चिकटवावी लागेल. माझे लोक ते करणार नाहीत. तिथे मी थांबतो.

शेवटचा_थर

चर्चेनंतर माझ्याकडे झालेला बदल सांगतो. लोकांची वैयक्तिक माहिती असलेल्या दोन साइटना वेगळे मास्टर दिले. उरलेल्या एका मास्टरखाली वेगळ्या युजरने, ओपीकॅशची परवानगी तपासणी चालू करून. डिफॉल्ट ब्लॉक रिकामा केला. माझ्याकडे वर्णानुक्रमाने डिफॉल्ट होऊन बसली होती ती चाचणीचीच साइट.

@भाडेकरूंची_बाजू, मुळातल्या फाइलीबाबत मात्र मला तुमचं अजून पटलेलं नाही. माझ्या त्या जुन्या साइटवर अपलोडचं फोल्डर बंद असतं, तरी मुळातली फाइल लिहिता येत होती. शिरणाऱ्याला तेवढी जागा पुरली असती.

@मोजून_मापून, दोन्ही मास्टरांची मेमरी आठवडाभर नोंदवतोय, आकडे इथेच टाकतो. तुमच्या ४० साइटपैकी किती जणींना वेगळा मास्टर लागेल, ते त्यावरून बघू.