ॲमस्टरडॅमला आठ तासांचा थांबा: बाहेर पडावं की नाही?

खिडकीतलीसीट:
मुंबईहून अमेरिकेला जाताना मधे ॲमस्टरडॅमला सात-आठ तास मिळाले की बरेच जण तिथल्या स्किपोल विमानतळाच्या खुर्च्यांवर पेंगत बसतात. माझं मत सरळ आहे. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत एकत्र चालणारा) असेल आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर बाहेर पडा. मोठ्या बॅगा परस्पर पुढे जातात, छोटी बॅग स्किपोल प्लाझाच्या तळघरातल्या लॉकरमध्ये टाका. स्टेशन टर्मिनलच्या पोटातच आहे, शहरातल्या सेंट्रल स्टेशनला 15-17 मिनिटं. तिकिटाच्या रांगेत उभं राहायची गरज नाही, काँटॅक्टलेस कार्ड फाटकाला टेकवलं की झालं. सेंट्रलच्या मागच्या बाजूने आय नदीच्या पलीकडच्या काठावर जाणारी फेरी फुकट आहे, पाचेक मिनिटांत पोचवते. मग पुढच्या बाजूने निघून कालव्यांच्या काठाने प्रिन्सेनग्राख्ट या कालव्यापर्यंत पायी. 2010 साली युनेस्कोच्या यादीत आलेला भाग आहे आणि बघायला एक पैसा पडत नाही.

हिशेबी_गणू:
आठ तासांतले हातात किती येतात ते मांडून बघा. विमानातून उतरून पासपोर्टच्या रांगेपर्यंत अर्धा तास. रांगेला एक तास धरा, कारण 12 ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्याऐवजी संगणकावर नोंद सुरू झाली आहे आणि पहिल्या खेपेला चेहऱ्याचा फोटो घेतात. जाऊन-येऊन गाडी आणि फलाटावरची वाट मिळून एक तास. परतल्यावर सुरक्षा तपासणी आणि पासपोर्ट पुन्हा, शिवाय अमेरिकेच्या विमानाआधी वेगळी चौकशी, म्हणजे तीन तास आधी हजर. उरले अडीच. तेवढ्यासाठी व्हिसाची 90 युरो फी, सेवाशुल्क आणि 30,000 युरोंचा विमा? आतच थांबायला भारतीय पासपोर्टवाल्यांना डच ट्रान्झिट व्हिसासुद्धा लागत नाही. पासपोर्ट तपासणी न ओलांडता काही तासांसाठी खोली मिळते, अंघोळ करून झोपा.

खिडकीतलीसीट:
@हिशेबी_गणू, मुद्दाम व्हिसा काढा असं मी कुठे म्हटलंय? ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्यासाठी लिहिलंय. एप्रिल 2024 च्या नियमानुसार तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नीट वापरलेल्या, भारतात राहणाऱ्या माणसाला दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री (कितीही वेळा प्रवेशाचा) व्हिसा मिळू शकतो. तो पासपोर्टात असताना अडीच तास का सोडायचे?

शिक्केवाला:
व्हिसा आहे म्हणून लगेच निघू नका, स्टिकरवरचा प्रवेशसंख्येचा रकाना आधी वाचा. तिथे 01 असेल आणि शेंगेनबाहेरच्या लंडनला जाताना ॲमस्टरडॅम फिरलात, तर तो एक प्रवेश तिथेच संपला. आठवड्याने लंडनहून पॅरिसला जायचं असेल तर सीमेवर अडकाल, मुदत शिल्लक असली तरी.

दुसरा गैरसमज अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचा. एच-1बी असो की ग्रीन कार्ड, पासपोर्ट भारतीय असेल तर विमानतळाबाहेर पडायला शेंगेन व्हिसा लागतोच.

आणि खाऊ! बाहेर पडलात की तुम्ही युरोपीय संघाच्या कस्टम्समधून जाता. तिथे बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. हातातल्या पिशवीत पेढे, तूप, श्रीखंडाचा डबा असेल तर अडचण. बाकरवडीला कुणी हात लावत नाही. लोणच्याला कस्टम्स सोडेल, पण परत आत शिरताना ते द्रव म्हणून मोजलं जातं, बरणी 100 मिलीच्या वरची असेल तर गेली.

धुकं_आणि_चहा:
महिना कोणता ते कुणीच विचारलं नाही. डिसेंबरात तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि साडेचारला मावळतो. सकाळी सहाला उतरलेला माणूस साडेसातला शहरात पोचून काय करणार? अंधार, ओले दगड आणि बंद दुकानं. रायक्सम्यूझियम हे मोठं संग्रहालय नऊला उघडतं. ॲन फ्रँकचं घर तर ऐनवेळी ठरवून होतच नाही, तिकीट फक्त ऑनलाइन, ठरावीक वेळेचं, आणि सहा आठवडे आधी मंगळवारी खुलं होतं. मे-जूनमध्ये हाच थांबा सोन्यासारखा. हिवाळ्यात सकाळचा असेल तर माझं मत गणूंच्या पारड्यात.

हिशेबी_गणू:
कार्डाचं प्रकरणही वाटतं तितकं सोपं नाही. 2020 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नव्या भारतीय कार्डांवर परदेशी वापर आणि काँटॅक्टलेस दोन्ही बंद असतात. निघण्याआधी बँकेच्या ॲपमध्ये दोन्ही चालू करा, नाहीतर फाटक उघडणार नाही. जाताना फोन टेकवला तर बाहेर पडतानाही फोनच. त्याच खात्याचं प्लास्टिक कार्ड वेगळं धरलं जातं आणि दोन अर्धवट प्रवासांचे पैसे कापले जातात.

आणि शेवटी जोखीम कोणाची? विमान कंपनीच्या उशिराने पुढचं विमान चुकलं तर सोय तिने करायची. तुम्ही फिरायला जाऊन चुकवलंत तर नवं तिकीट तुमच्या खिशातून, आणि त्याच तिकिटावरचा पुढचा प्रवास, परतीसकट, रद्द होऊ शकतो.

खिडकीतलीसीट:
म्हणून तर परतीची वेळ आधी ठरवायची आणि शहर मग बसवायचं. रेल्वेच्या ॲपवर त्या दिवशीची दुरुस्तीची कामं सकाळीच बघा, शनिवार-रविवारी बरेचदा असतात. गाड्या बंद असल्या तर 397 नंबरची बस आहे, म्यूझियमप्लाइनहून थेट विमानतळ, सुमारे अर्धा तास.

हिशेबी_गणू:
397 चं पटलं. अकरा तास असतील तर मीही जा म्हणेन. आठला नाहीच.