वडिलांच्या हाती देणगीची पावती: ही भेट नेमकी कोणाला?

शरयू

जूनच्या तिसऱ्या रविवारचा फादर्स डे असो की वडिलांची पंचाहत्तरी, अलीकडे बऱ्याच घरांत मुलेमुली वस्तू न देता वडिलांच्या नावाने एखाद्या संस्थेला देणगी देतात आणि त्याची पावती त्यांच्या हातात ठेवतात. यामागची भावना मला समजते. साठी ओलांडलेल्या मध्यमवर्गीय पुरुषांच्या कपाटात घडी न मोडलेले शर्टपीस आणि खोक्यातून बाहेर न आलेली पाकिटे पडून असतात. त्यांत आणखी भर घालण्यापेक्षा तेच पैसे गरजूंच्या कामी यावेत, हा विचार चुकीचा नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. संस्था मुले निवडतात, रक्कम मुले ठरवतात, नातेवाइकांच्या गटावर छायाचित्रही मुलेच टाकतात. वडिलांच्या वाट्याला येते ते फक्त पावतीवरचे नाव. ज्या माणसाने आयुष्यभर गावच्या वाचनालयाची वर्गणी चुकवली नाही, त्याच्या नावाने भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्याला पैसे गेले तर काम चांगलेच झाले, परंतु त्या कामाचा आणि त्या माणसाचा संबंध काय? देणगी ही त्यांना दिलेली भेट ठरायची असेल, तर ती कशासाठी द्यायची हे त्यांनीच ठरवले पाहिजे. ते ठरवत नसतील तर सरळ वस्तू द्यावी, मात्र ती कोणी आणि कशी बनवली हे पाहून द्यावी. आपली मते वाचायला आवडतील.

खडकवासलेकर

शरयूताई, तत्त्व म्हणून हे ठीक आहे, परंतु आपल्या वडिलांच्या पिढीला 'तुम्हाला काय हवे?' असे विचारल्यावर 'मला काही नको, उगाच खर्च करू नका' यापलीकडे उत्तर मिळाल्याचे कोणाला आठवते का? त्यांच्या संमतीची वाट पाहत बसलो तर देणगीही जात नाही आणि वस्तूही येत नाही. शिवाय ज्या मुलीचे वसतिगृहाचे शुल्क त्या पैशांतून भरले जाते, तिच्या दृष्टीने ती देणगी कोणाच्या आवडीनुसार होती याला काडीचेही महत्त्व नसते.

आपल्याकडे ही रीत नवी आहे असेही नाही. एकसष्टी, पंचाहत्तरी किंवा सहस्रचंद्रदर्शनाच्या निमित्ताने वह्यातुला, ग्रंथतुला, धान्यतुला करून ते साहित्य शाळांना आणि आश्रमांना देण्याची पद्धत महाराष्ट्राला चांगली परिचित आहे. पारड्यात बसलेल्या सत्कारमूर्तीला वह्या एकरेघी आणाव्यात की दुरेघी, हे तिथे कोणी विचारत नाही आणि कोणाचे त्यावाचून अडतही नाही.

विदुला

मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात, कारण भेट वडिलांसाठी आहे हे दोघेही सोडून देत आहेत. माझ्या माहितीतल्या एका घरी वडिलांना ऐकायला कमी येते. चांगल्या श्रवणयंत्राची किंमत ऐकून त्यांनी 'या वयात कशाला' म्हणत तो विषय बंद केला, आणि मुलांनीही तो बंद राहू दिला. त्याच मुलांनी वाढदिवसाला त्यांच्या नावाने कर्णबधिर मुलांच्या शाळेला भरघोस देणगी दिली. समारंभात मुलगा मोठ्या आवाजात भाषण करत होता आणि वडील शेजारी बसलेल्या पत्नीकडे 'काय म्हणाला?' अशा नजरेने पाहत होते. त्या शाळेला पैसे मिळाले याचा मला आनंदच आहे, परंतु याला वडिलांना दिलेली भेट म्हणायला माझे मन धजत नाही. ज्या माणसाने स्वतःवर खर्च करण्याची सवयच लावून घेतली नाही, त्याच्या 'नको'चा आदर करण्यात पुष्कळदा आपली सोय दडलेली असते.

कापशीकर

धागाकर्तीने वस्तूचा पर्याय एका वाक्यात उरकला, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. वडिलांना द्यायला कोल्हापुरी चपलेइतकी योग्य वस्तू मला दुसरी सुचत नाही, आणि 'कोणी, कशी बनवली' हा प्रश्न तिच्याइतका लागू पडणारी वस्तूही थोडी. खरी कोल्हापुरी ही बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची असते, तिच्या तळाला बहुधा म्हशीचे कातडे असते, शिवण चामड्याच्या वादीची असते आणि तिला खिळा लागत नाही. वेणीचे नाजूक काम अनेक घरांत बायका करतात. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आहेत. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तिच्यासारखीच चप्पल कारागिरांचा उल्लेख न करता मांडली, तेव्हा आपण सर्वजण तावातावाने बोललो. पण त्याच आठवड्यात बाजारातून रेक्झिनची, यंत्रावर चिकटवलेली 'कोल्हापुरी' घासाघीस करून घेणारेही आपणच होतो.

कारागिराकडून थेट, त्याने सांगितलेल्या किमतीला घेतलेला जोड ही माझ्या मते देणगीपेक्षा सरस भेट आहे, कारण त्यात कोणी कोणावर उपकार करत नाही. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन करणाऱ्या बाबा आमट्यांचा भरही कुष्ठरुग्णांच्या हाताला काम देण्यावर होता, आणि आनंदवनात विणलेले कापड घेणे हा त्या कामाला दिलेला मानच आहे. एक व्यावहारिक सूचना मात्र करतो: फादर्स डे ऐन पावसाच्या तोंडावर येतो आणि कोल्हापुरीला पाणी चालत नाही, त्यामुळे कागदावर पावलाचे माप आत्ता काढून घ्यावे आणि जोड दसऱ्याला द्यावा.

अनुस्वार

चामड्याची वस्तू नैतिक कशी, हा प्रश्न कापशीकरांनी उपस्थितच होऊ दिला नाही. आमच्या घरी वडील चामडे वापरत नाहीत. त्यांच्यासाठी हातमागाचे कापड किंवा खादी हाच मार्ग उरतो.

कापशीकर

आपल्या वडिलांच्या बाबतीत हे अगदी मान्य. परंतु चामड्याऐवजी बहुतेक दुकानांत जे मिळते ते प्लास्टिक असते, आणि चर्मकाराचा धंदा बसतो तो वेगळाच. कोणाचे नुकसान आपण जमेस धरतो, यावर हे सगळे अवलंबून आहे.

लेस्टरवासी

इथे इंग्लंडमध्ये हा प्रकार पूर्ण रुळलेला आहे. ऑक्सफॅमसारख्या संस्था भेटीदाखल 'शेळी' विकतात, म्हणजे वडिलांना शेळीचे चित्र असलेले कार्ड मिळते आणि पैसे दूरच्या एखाद्या गावातील पशुपालनाच्या कामाकडे जातात. आपण पैसे दिलेली नेमकी तीच शेळी कोणाच्या दारात बांधली जाते, असे मात्र नसते. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याने गिफ्ट एडचा अर्ज भरला तर प्रत्येक पौंडामागे सरकार संस्थेला २५ पेन्स जादा देते. सोय उत्तम आहे, पण माझ्या सासऱ्यांनी ते कार्ड उलटेसुलटे पाहून 'ही सांभाळणार कोण?' असे विचारले होते.

परदेशातून महाराष्ट्रातील संस्थेला पैसे पाठवणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी देणगी समजली जात नाही. नागरिकत्व बदलून, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांसाठीचे ओसीआय कार्ड घेतलेल्यांची देणगी मात्र विदेशी ठरते, आणि ती विदेशी देणग्यांसाठी नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच, स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील ठरलेल्या खात्यातूनच घेता येते. भावाच्या खात्यावर पैसे पाठवून 'तू भरून टाक' असे सांगण्याचा सोपा मार्ग संस्थेला अडचणीत आणू शकतो.

हिशेबनीस

कराविषयीही थोडे. देणगीवरच्या ज्या प्राप्तिकर सवलतीला सगळे ८०-जीची सवलत म्हणतात, ती जुनी करप्रणाली निवडणाऱ्यालाच मिळते, दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला मिळत नाही, आणि धान्य, कपडे, वह्या यांना तर मुळीच नाही. पैसे मुलाच्या खात्यातून आणि पॅन वडिलांचा, असा घोळ करू नये. पैसे देणाराच देणगीदार असतो. पावतीवर 'वडिलांच्या पंचाहत्तरीनिमित्त' असा उल्लेख संस्था आनंदाने करतात, तेवढा पुरे.

शरयू

खडकवासलेकरांच्या प्रश्नाचे उत्तर देते. वडिलांची निवड कळण्यासाठी त्यांना समोर बसवून विचारलेच पाहिजे असे मी म्हणत नाही. त्यांची जुन्या पावत्यांची फाइल काढून पाहावी: सैन्याचा ध्वजदिन निधी, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची वर्गणी, कुठल्या मासिकाची आजीव वर्गणी, देवस्थानाची अन्नदान पावती. आपल्याला खुळचट वाटणाऱ्या नोंदीही त्यात असतील. माझी खरी हरकत तिथेच आहे, कारण आपण वडिलांच्या नावाने सहसा आपल्याला शोभणाऱ्या कामालाच देणगी देतो. विदुला यांचे उदाहरण मला बिनतोड वाटले. श्रवणयंत्र आधी, देणगी नंतर.

खडकवासलेकर

फाइलीची कल्पना चांगली आहे, तरी मी माझ्या मतावर कायम आहे. एका बालकाश्रमाच्या हिशेबाचे काम मी पाहतो. तिथे वाढदिवसानिमित्त श्रीखंड-पुरीचे जेवण देणारे इतके असतात की रविवार आधीच ठरलेले असतात, आणि मुलांना तेच गोड खाऊन 'काकांना' शुभेच्छांचे गाणे म्हणावे लागते. वीजबिल, कपडे धुण्याची पावडर आणि स्वयंपाकाच्या मावशींचा पगार यांसाठी मात्र कोणाचे वडील पंचाहत्तर वर्षांचे होत नाहीत. आवडीनिवडीची अट घातली की देणगी पुन्हा श्रीखंडाकडेच वळते, असा माझा अनुभव आहे. म्हणून अट न घालता संस्थेच्या चालू खर्चासाठी पैसे द्यावेत आणि पावती वडिलांना दाखवावी. ते रागावले तर रागावू द्यावेत. श्रवणयंत्राला माझा विरोध नाही, परंतु त्याला कर्तव्य म्हणावे, भेट म्हणू नये.

विदुला

कर्तव्य म्हणून ते आजवर कोणी घेतले नाही. भेट म्हणून घेतले जाणार असेल तर नावावरून मी वाद घालणार नाही.