मदत हवी आहे : 'द वर्ल्ड ॲट वॉर' नववी-दहावीच्या मुलांना कशी दाखवू?

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्याच्या गावात वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी सकाळी नववी-दहावीची बारा-चौदा मुलं जमतात आणि आम्ही इतिहासावर बोलतो. गेल्या महिन्यात हिटलरचा विषय निघाला. वर्गातला एक हुशार मुलगा अगदी मनापासून म्हणाला, "पण बाई, त्यानं देश तर उभा केला ना? असाच खमक्या माणूस पाहिजे." दोघातिघांनी माना डोलावल्या. मुलं मोबाइलवर काय बघतात ते मग मी मागून घेऊन पाहिलं. भाषणांचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे, त्याखाली अंगावर येणारं संगीत, बस. हिटलरच्या राजवटीत मारल्या गेलेल्या साठ लाख ज्यूंचा आकडा मी त्यांना सांगितला. एकाच्याही चेहऱ्यावर काही हललं नाही. ते फार लागलं मला.

तेव्हा 'द वर्ल्ड ॲट वॉर' ही दुसऱ्या महायुद्धावरची माहितीपट मालिका आठवली. टेम्स टेलिव्हिजनची, १९७३-७४ मध्ये ब्रिटनमध्ये दाखवलेली, २६ भागांची. निर्माते जेरेमी आयझॅक्स, निवेदन लॉरेन्स ऑलिव्हिए यांचं. संच माझ्याकडे आहे आणि मी ती दोनदा पूर्ण पाहिली आहे. तिच्यात नटांनी वठवलेले प्रसंग नाहीत, की रणांगणावर उभा राहून आपल्याला शिकवणारा कुणी सूत्रधारही नाही. त्या काळचं चित्रण आहे आणि त्यातून गेलेली माणसं स्वतः बोलतात.

अडचण अशी की परीक्षेआधी मला सहाच रविवार मिळतात. कोणते भाग घेऊ? विसावा भाग, 'जेनोसाइड' (ज्यूंच्या संहारावरचा), पंधरा वर्षांच्या मुलांना दाखवावा का? मुलांचं इंग्रजी बेताचं आहे, मग मध्ये मध्ये थांबवून मराठीत सांगितलं तर सगळी लयच जाईल का? आणि ज्या मालिकेला पन्नास वर्षं झाली, तिच्यावर आज कितपत विसंबावं? शाळेतल्या एका सहकाऱ्यांचं म्हणणं, "आता रंगीत केलेली फिल्म मिळते, हे जुनं काळं-पांढरं कोण बघणार?" मला ते पटत नाही, पण त्यांना नीट उत्तरही देता आलं नाही.

प्रतिसाद

ताई, सहकाऱ्यांना उत्तर मालिकेतच आहे. १९७३ म्हणजे युद्ध संपून जेमतेम २८ वर्षं झालेली. युद्ध संपताना तीस वर्षांचा असलेला माणूस तेव्हा साठीच्या आत होता, त्याची आठवण शाबूत होती. जर्मन पाणबुड्यांचा प्रमुख कार्ल ड्योनिट्झ, हिटलरची चिटणीस ट्राउडल युंगे, हिटलरचा शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर, दुसऱ्या बाजूला ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन, माउंटबॅटन, आणि त्यांच्याइतकीच जागा मिळालेले साधे शिपाई, गृहिणी, छळछावणीतून वाचलेले लोक. यातलं आज कुणी हयात नाही म्हटलं तरी चालेल. रंग केव्हाही भरता येईल, पण ही साक्ष पुन्हा काढता येणार नाही.

सुरुवात पहिल्या भागापासूनच करा आणि पहिली काही मिनिटं अजिबात थांबवू नका. फ्रान्समधलं ओरादूर-सूर-ग्लान. १० जून १९४४ ला एसएस या नाझींच्या सशस्त्र दलाच्या तुकडीनं तिथे सहाशेहून अधिक माणसं मारली, पुरुष कोठारांमध्ये, बायका-मुलं चर्चमध्ये. गाव तसंच पडकं राखून ठेवलंय. कॅमेरा त्या रिकाम्या रस्त्यावरून जातो आणि ऑलिव्हिए अगदी मोजकं बोलतात. इंग्रजी न कळणाऱ्यालाही ते कळतं.

तुमच्या त्या मुलासाठी मात्र सोळावा भाग, 'इनसाइड द राइश'. त्यात क्रिस्टाबेल बीलेनबर्ग आहेत, जर्मन वकिलाशी लग्न करून तिथे राहिलेल्या. लपायला जागा शोधणारं एक ज्यू जोडपं त्यांच्याकडे येतं. नवरा बाहेरगावी, घरात लहान मुलं. दोन रात्री त्या त्यांना तळघरात ठेवतात आणि मग जायला सांगतात. पुढे कळतं की दोघं पकडले गेले. हिटलरनं मलाही खुनी केलं, असं त्या म्हणतात. आवाज चढत नाही, रडणं नाही. साठ लाखांनी जे होत नाही ते या दोघांच्या गोष्टीनं होतं, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

विसावा दाखवा, पण चौथ्या-पाचव्या रविवारी. आधी पालकांना बोलावून काय दिसणार आहे ते स्पष्ट सांगा. ज्याला उठून जायचं त्याला जाऊ द्या. आणि नंतर तासभर मोकळा ठेवा, लगेच घरी पाठवू नका.

प्रतिसाद

विसंबण्याबद्दल थोडं. मालिका झाली तेव्हा ब्रिटननं जर्मन सांकेतिक संदेश फोडल्याचं गुपित उघड झालेलं नव्हतं. त्यावरचं पहिलं मोठं इंग्रजी पुस्तक १९७४ मध्ये आलं. त्यामुळे दहाव्या भागातली अटलांटिकची लढाई त्या माहितीविना सांगितली आहे. सोव्हिएत मृतांचा आकडा तेव्हा दोन कोटी धरत, आता सुमारे दोन कोटी सत्तर लाख मानतात. हे फळ्यावर लिहून टाका, काम झालं.

श्पेअर बोलायला लागला की मात्र थांबवाच. सभ्य, विचारी, पश्चात्ताप झालेला गृहस्थ वाटतो तो. वीस वर्षं तुरुंगात काढली, पण ज्यूंच्या संहाराची आपल्याला कल्पना नव्हती हे पालुपद सोडलं नाही. १९७१ मध्ये त्यानंच लिहिलेलं एक खासगी पत्र २००७ मध्ये बाहेर आलं. ऑक्टोबर १९४३ मध्ये एसएसचा प्रमुख हिमलर यानं सगळ्या ज्यूंना मारणार असल्याचं जिथे सांगितलं, त्या सभेला आपण हजर होतो, अशी कबुली त्यात आहे. मुलांना आधी त्याचं बोलणं ऐकू द्या, विश्वास बसू द्या, मग हे पत्र सांगा. सज्जन दिसणारा माणूस समोर बसून खोटं कसं बोलतो, हे त्यांना मोबाइलवरच्या त्या तुकड्यांसाठीही उपयोगी पडेल. मालिकेची किंमत माझ्या दृष्टीनं इथे आहे. तिनं जे खरं ते जपलंच, पण खोटंसुद्धा जसंच्या तसं जपून ठेवलं.

प्रतिसाद

बाई, चौदावा भाग (ब्रह्मदेश) घ्याच, आणि जमल्यास तेरावा, इटलीचा. भारतीय सैन्यात पंचवीस लाख लोक भरती झाले होते, त्या मानानं मालिकेत आपली माणसं फार कमी बोलतात. ही उणीव तुम्हालाच भरावी लागेल. इटलीत मराठा पलटणी होत्या. रायगड जिल्ह्यातले नाईक (हा लष्करी हुद्दा) यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना धारातीर्थी पडले. नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना वाचवलं. दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, घाडगेंना मरणोत्तर. ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर तिथला तांदूळ बंद झाला, त्याचा १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाशी असलेला संबंधही सांगा. तीसेक लाख माणसं गेली त्यात. मुलांना घरोघरी विचारायला लावा, कुणाच्या ट्रंकेत पदक किंवा पेन्शनचा कागद निघतो का.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार झाले, पहिला आणि सोळावा भाग दाखवला. निवेदन मी आधीच मराठीत लिहून मुलांच्या हातात दिलं, त्यामुळे थांबवावं लागलं नाही. एकीच्या घरी पणजोबांचं पदक निघालं, तिनं ते रुमालात बांधून आणलं होतं.

तो मुलगा सोळाव्या भागानंतर खुर्च्या उचलायला मागे थांबला. म्हणाला, "बाई, त्या बाईंनी त्यांना ठेवून घेतलं असतं तर त्यांच्या मुलांचं काय झालं असतं?" मी म्हटलं, कदाचित सगळेच गेले असते. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "म्हणजे तिथे चांगलं वागायलाच जागा नव्हती?"

मी त्याला पुढच्या रविवारी बोलू म्हणून सांगितलंय. तोवर कुणी काही सुचवाल का? आणि विसाव्या भागाचं मराठी टिपण तयार आहे, चौदा पानं. कुणी तपासून देणार असेल तर कृपया निरोप ठेवा.